रक्तातील अँटीबॉडी वाढल्या, लघवी मात्र स्वच्छ : ल्युपसमध्ये मूत्रपिंडाचा त्रास आधी ओळखता येतो का?

इंदिरानगरची ताई (प्रश्न)

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय २९) चार वर्षांपूर्वी ल्युपसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराचे) निदान झाले आणि त्याच वर्षी मूत्रपिंडाची बायॉप्सी होऊन चौथ्या वर्गाचा ल्युपस नेफ्रायटिस, म्हणजे ल्युपसमुळे होणारा मूत्रपिंडाचा दाह, असल्याचे कळले. तेव्हा तिचे पाय सुजत, लघवीला फेस येई आणि २४ तासांच्या लघवीतून ३ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जात होती. उपचारांनी ती चांगली सावरली. गेली अडीच वर्षे लघवीतील प्रथिने जवळजवळ सामान्य पातळीवर आहेत. सध्या मायकोफिनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध), हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) अशी औषधे चालू आहेत. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागायतदार घरात झाले. डॉक्टरांना दाखवायचे असले की ती माझ्याकडे नाशिकला दोन दिवस राहायला येते.

मार्च महिन्यात तिची अँटी-डीएसडीएनए (दुहेरी डीएनएविरुद्धची अँटीबॉडी) ६८ होती, जूनअखेरीस ती २१० आली. प्रतिकारयंत्रणेतील प्रथिनांपैकी सी-३ हे ९६ वरून ७४ वर आणि सी-४ हे ११ वरून ८ वर उतरले. मात्र मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन ०.७ आहे, लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.१८ आहे आणि लघवीत लाल पेशी नाहीत. तिला स्वतःला काहीही त्रास नाही. आमच्या संधिवाततज्ज्ञांनी औषध न बदलता सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. तिच्या सासरच्या ओळखीतील एका डॉक्टरांचे मत मात्र असे पडले की एवढा आकडा वाढल्यावर वाट पाहणे म्हणजे मूत्रपिंड पणाला लावणे आहे, आणि स्टेरॉइड आजच ३० मिलिग्रॅमवर न्यावे. घरात त्यावरून दोन तट पडले आहेत.

मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच : रक्तातील हे आकडे मूत्रपिंडाचा आजार उफाळण्याआधी खरोखर सांगू शकतात का, आणि सांगत असतील तर त्यावर किती विसंबावे? एएनए (ल्युपसच्या निदानासाठी करतात ती अँटीबॉडीची तपासणी) पुन्हा करून घेतल्यास काही उपयोग होईल का? औषध बदलण्यासाठी मी हे विचारत नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच. पण पुढच्या भेटीत काय विचारावे हे तरी मला कळावे.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, नाशिकरोड

ताई, आपण दिलेल्या माहितीत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि माझ्या मते उत्तराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. मार्चची आणि जूनची तपासणी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने झाली आहे का?

अँटी-डीएसडीएनए मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. जुनी ‘फार’ (Farr) नावाची पद्धत किरणोत्सारी डीएनए वापरते आणि घट्ट चिकटणाऱ्या अँटीबॉडीच प्रामुख्याने पकडते. जगभरातील बरेचसे जुने संशोधन तिच्यावर उभे आहे, पण आपल्याकडील नेहमीच्या प्रयोगशाळांत ती सहसा आढळत नाही. दुसरी पद्धत क्रिथिडिया ल्युसिली या एकपेशीय जीवावर होते. हा जीव कीटकांच्या आतड्यात राहतो आणि त्याच्या किनेटोप्लास्ट नावाच्या भागात जवळजवळ निव्वळ दुहेरी डीएनए असतो. तेवढाच भाग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकला की निकाल सकारात्मक धरतात. ही पद्धत ल्युपससाठी अतिशय विशिष्ट आहे, म्हणजे ती सहसा खोटी हाक देत नाही. मात्र थोड्या अँटीबॉडी असल्या तर तिच्या नजरेतून सुटतात. तिसरी एलायझा आणि तिच्या जातीची केमिल्युमिनेसन्स पद्धत. यंत्रावर झटपट होते, आकडा देते, आणि सैल चिकटणाऱ्या अँटीबॉडीही मोजते. आपल्या बहिणीचे निकाल ६८ आणि २१० असे आकड्यांत आहेत, त्यावरून ते या तिसऱ्या प्रकारचे असावेत.

अडचण अशी की एकाच रक्ताचा नमुना दोन कंपन्यांच्या किटवर लावला तर दोन वेगळे आकडे येतात. अहवालावर दोन्हीकडे ‘आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर’ असे छापलेले असले तरी एका किटमध्ये सामान्य मर्यादा वीस-तीसच्या आसपास असते, तर दुसऱ्यात ती शंभर असते. त्यामुळे ६८ हा आकडा एका ठिकाणी ठळक सकारात्मक ठरेल आणि दुसऱ्या ठिकाणी तोच सामान्य. म्हणून आकड्याशेजारी छापलेली मर्यादा आणि तळाशी बारीक अक्षरांत दिलेले पद्धतीचे नाव आधी वाचावे. माझ्या नोकरीच्या काळात तिप्पट वाढ झाली म्हणून घाबरून आलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले, ज्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात फक्त प्रयोगशाळा बदललेली होती.

सी-३ आणि सी-४ यांचे आकडे पद्धतीनुसार एवढे उड्या मारत नाहीत. नमुना पिंपळगावहून नाशिकला किंवा नाशिकहून मुंबईला गेला तरी या दोन तपासण्या बऱ्यापैकी टिकाव धरतात. सीएच-५० नावाची तपासणी कोणी सुचवली तर मात्र सावध राहावे, कारण ती थंडाव्यात न पोहोचलेल्या नमुन्यावर हमखास खोटी कमी येते आणि एप्रिल-मे महिन्यांतील उन्हात तर विचारूच नका.

एएनएबद्दल विचारलेत. ती तपासणी निदानाच्या वेळी एकदा करायची असते. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती सकारात्मक असते आणि तिचा आकडा आजाराच्या चढउताराबरोबर हलत नाही. ते पैसे वाचवावेत.

एक फिजिशियन, महात्मानगर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आता आकडे खरेच वाढले आहेत असे क्षणभर धरून पुढे जाऊ.

या तपासण्यांचा मूत्रपिंडाशी संबंध काय, ते आधी पाहिले तर बाकीचे समजायला सोपे जाते. मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले डीएनए नीट साफ होत नाही, त्याच्या विरोधात अँटीबॉडी तयार होतात, आणि दोहोंची गाठ बांधली जाऊन ती मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकते; काही अँटीबॉडी तर गाळणीच्या भिंतीतील घटकांनाच थेट चिकटतात. तिथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी चेतवली जाते. सी-१ क्यू ही तिची पहिली कडी, पुढे सी-४ आणि मग सी-३. साखळी जळत असताना ही प्रथिने खर्ची पडतात, म्हणून रक्तातील सी-३ व सी-४ उतरतात. अँटीबॉडी वर आणि कॉम्प्लिमेंट खाली असे चित्र एकत्र दिसते तेव्हा डॉक्टर कान टवकारतात ते यामुळे. आपल्या बहिणीच्या अहवालात सी-३ ची घसरण आहे, आणि मला अँटीबॉडीच्या आकड्यापेक्षा तीच अधिक लक्षणीय वाटते.

आता भाकिताचा प्रश्न. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९५ साली एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १५६ रुग्णांवर लक्ष ठेवले गेले आणि ज्या ४६ जणांची अँटी-डीएसडीएनए वाढली त्यांचे दोन गट केले. एका गटातील २२ जणांना लक्षणे नसतानाच रोज ३० मिलिग्रॅम जादा प्रेडनिसोन देऊन ते हळूहळू कमी केले, तर दुसऱ्या गटातील २४ जणांवर नेहमीप्रमाणे उपचार झाले. नेहमीच्या गटात आजार २० वेळा उलटला, जादा औषधाच्या गटात फक्त २ वेळा. २००६ साली अमेरिकेत झालेल्या दुसऱ्या प्रयोगात अँटी-डीएसडीएनए आणि सी-३ ए (सी-३ फुटून होणारा तुकडा) हे दोन्ही वाढलेल्या, पण प्रकृतीने स्थिर अशा ४१ रुग्णांपैकी निम्म्यांना चार आठवड्यांचा स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला. त्यांच्यात एकालाही गंभीर उचल आली नाही, म्हणजे आजार जोरात उफाळला नाही; तुलनेसाठी औषध नसलेल्या खोट्या गोळ्या घेणाऱ्या २० जणांत ती ६ जणांना आली. आपल्या ओळखीतील डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच प्रयोग असावेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

तरीही ती प्रथा का झाली नाही? दुसरा प्रयोग पुन्हा वाचा. खोट्या गोळ्या घेणाऱ्या २० जणांपैकी १४ जणांना काहीही न देता गंभीर उचल आलीच नाही. त्या १४ जणांना स्टेरॉइड दिले असते तर ते विनाकारण गेले असते. हा ल्युपस दहा-वीस वर्षे सोबत राहणारा आजार आहे. दरवेळी आकडा वाढला की ३० मिलिग्रॅम, असे वर्षातून दोनदा झाले, तर हाडे, डोळे, रक्तातील साखर आणि जंतुसंसर्ग या मार्गांनी जे नुकसान साचते तेही मूत्रपिंडाइतकेच खरे असते. युरोपीय संधिवात संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत स्टेरॉइडची कायमची मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवावी आणि शक्य झाल्यास बंद करावी असे म्हटले आहे. आपली बहीण आज त्याच उंबरठ्यावर आहे.

भाकीत करणाऱ्या तपासणीचे गणित कसे चालते ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. हे आकडे कोणत्याही अभ्यासातील नाहीत. समजा १०० रुग्ण आहेत आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी १० जणांच्या मूत्रपिंडाचा आजार उफाळणार आहे. त्या १० पैकी ७ जणांची अँटीबॉडी आधी वाढते. उरलेल्या ९० जणांतही २७ जणांची ती वाढते, पण त्यांना काहीच होत नाही. म्हणजे वाढ दिसलेले एकूण ३४, त्यांत खरे ७, पाचातील एक. याउलट वाढ न दिसलेले ६६, त्यांपैकी ६३ जण शांत राहतात. तपासणी तीच, पण ‘सगळे ठीक आहे’ हे ती ज्या खात्रीने सांगते, त्या खात्रीने ‘आता संकट येणार’ हे सांगू शकत नाही. बहिणीच्या बाबतीत चौथ्या वर्गाची बायॉप्सी आणि सी-३ ची घसरण आहे, त्यामुळे तिची शक्यता या उदाहरणातील पाचातील एकापेक्षा अधिक धरावी लागेल. तरी ती निश्चिती नव्हे.

एक विचित्र गोष्टही लक्षात असू द्यावी. जॉन्स हॉपकिन्समधील एका अभ्यासात ५३ रुग्णांचे वर्षभर दरमहा रक्त तपासले तेव्हा असे दिसले की उचल येण्याआधी अँटी-डीएसडीएनए वाढते, पण प्रत्यक्ष उचल आलेल्या काळात ती उतरलेली असू शकते. अँटीबॉडी त्या वेळी रक्तातून निघून पेशीजालात जाऊन बसतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून पुढच्या तपासणीत २१० चे १२० झाले आणि त्याच वेळी लघवीत प्रथिने दिसू लागली, तर आकडा उतरला म्हणून पेढे वाटू नयेत.

मग करायचे काय, तर लघवी वरचेवर तपासायची. मूत्रपिंडाच्या बाबतीत रक्तातील अँटीबॉडी ही वार्ता आहे आणि लघवी हा पंचनामा. तीन महिन्यांऐवजी दर तीन-चार आठवड्यांनी सकाळची पहिली लघवी घेऊन प्रथिने व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी करावी. गुणोत्तर ०.५ च्या वर गेले आणि पुन्हा तपासल्यावर टिकून राहिले, किंवा लाल पेशी व त्यांचे साचे (मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत पेशी साचून बनलेले नळीच्या आकाराचे तुकडे) दिसू लागले, तर बायॉप्सीचा विचार सुरू होतो. आपल्या संधिवाततज्ज्ञांनी सांगितलेले सहा आठवडे मला अवाजवी वाटत नाहीत. फक्त मधल्या काळात एक लघवीची तपासणी घालावी का, हे त्यांना जरूर विचारा.

सिडकोतील जुनी रुग्ण

मी डॉक्टर नाही, पण या आजाराबरोबर चौदा वर्षे राहत आहे, म्हणून लिहिते. माझी अँटी-डीएसडीएनए गेल्या नऊ वर्षांत एकदाही सामान्य आलेली नाही. सी-४ तर कायमच ६-७ असते. या काळात माझ्या मूत्रपिंडाला काहीही झाले नाही. डॉक्टरांनी मला सांगितले की रक्तात सक्रिय पण प्रकृतीने शांत असा रुग्णांचा एक छोटा गट असतो आणि बहुधा मी त्यात मोडते. सी-४ चे म्हणाल तर काही माणसांत ते बनवणाऱ्या जनुकांच्या प्रतीच जन्मतः कमी असतात, त्यामुळे त्यांचे सी-४ आजार नसतानाही कमी असू शकते, असेही त्यांनी समजावले होते.

सुरुवातीची दोन वर्षे मी प्रत्येक अहवालाआधी रात्रभर जागत असे. शेवटी एक वही केली. एका बाजूला तारीख, प्रयोगशाळा, पद्धत, आकडा. दुसऱ्या बाजूला लघवीचे गुणोत्तर, रक्तदाब, वजन. वर्षभरात मला माझा स्वतःचा नेहमीचा आकडा कळला. आपल्या बहिणीसाठीही अडीच वर्षांतील सगळे जुने अहवाल काढून असा तक्ता करा. तिची अँटी-डीएसडीएनए शांत काळातही ८० ते २०० मध्ये फिरत असेल तर २१० चा अर्थ वेगळा, आणि ती आधी सलग नकारात्मक असेल तर वेगळा.

वर लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या लघवीच्या तपासणीत एक व्यावहारिक भर घालते. पाळीच्या दिवसांत, ताप असताना, किंवा बागेत दिवसभर अंगमेहनत केल्यावर दुसऱ्या दिवशीचा नमुना देऊ नये. लघवीला जळजळ असेल तर आधी जंतुसंसर्ग तपासावा. आणि नमुना घरून डबीत घेऊन एसटीने दोन तास प्रवास करू नये. प्रयोगशाळेत पोहोचून तिथेच द्यावा.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, नाशिकरोड

शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. लाल पेशींचे साचे शिळ्या लघवीत विरघळून जातात. नमुना दिल्यापासून तास-दोन तासांत कोणीतरी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरच ते सापडतात. यंत्राने छापलेल्या ‘साचे : नाहीत’ या ओळीवर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही. डॉक्टरांना विचारून अशी जागा शोधा जिथे पॅथॉलॉजिस्ट स्वतः काच पाहतात.

सिन्नरचा एक मुलगा

दुसरी बाजूही इथे नोंदवली जावी असे वाटते. माझ्या आईला पाचव्या वर्गाचा, म्हणजे मेम्ब्रेनस प्रकारचा ल्युपस नेफ्रायटिस आहे. तिचा आजार दोनदा उफाळला आणि दोन्ही वेळा अँटी-डीएसडीएनए नकारात्मक व सी-३ सामान्य होते. पहिल्या वेळी रक्ताचे अहवाल उत्तम आहेत म्हणून आम्ही आठ महिने लघवीच तपासली नाही. तेव्हा आम्हाला कोणी तसे सांगितलेही नव्हते. पायांवरची सूज चपलांच्या मापात दिसू लागली तेव्हा २४ तासांत ४ ग्रॅम प्रथिने जात होती. नंतर बायॉप्सी करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की या वर्गात रक्तातील खुणा अनेकदा गप्पच असतात. आता आमच्याकडे रक्ताचा अहवाल कसाही येवो, महिन्यातून एकदा लघवीची पट्टी घरीच बुडवून पाहतो आणि प्रथिने दाखवणारा हिरवा रंग दिसला की प्रयोगशाळा गाठतो.

इंदिरानगरची ताई

आपणा सर्वांची मनापासून ऋणी आहे. अहवाल पुन्हा काढून पाहिले. पॅथॉलॉजिस्ट काकांची शंका खरी निघाली. मार्चचा नमुना तिच्या सासरजवळच्या संकलन केंद्रात दिला होता, तिथे मर्यादा २५ छापली आहे. जूनचा गंगापूर रस्त्यावर दिला, तिथे मर्यादा १०० आहे. म्हणजे एकीकडे पावणेतीन पट आणि दुसरीकडे दोन पटीच्या थोडे वर. सासरी ज्या ‘तिपटी’वरून वाद पेटला ती तिप्पट मुळात नव्हतीच. सी-३ ची घसरण मात्र उरतेच.

जुन्या अहवालांचा तक्ता करायला आम्ही दोघी काल रात्री बसलो. अडीच वर्षांत अँटी-डीएसडीएनए कधीच पूर्ण नकारात्मक नव्हती, पण सी-३ मात्र सतत ९० च्या वर होते. तक्ता भरता भरता मी तिला सहज विचारले की गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, एप्रिलपासून मायकोफिनोलेट निम्मेच घेते आहे. घरात मुलाचा विषय निघतो, ते औषध गर्भाला घातक आहे असे डॉक्टरांनीच पूर्वी सांगितले होते, म्हणून तिने हळूहळू कमी करून सोडून द्यायचे ठरवले होते. डॉक्टरांना सांगितले नाही, नवऱ्यालाही नाही. मला तिच्यावर रागावताही आले नाही.

या माहितीने चित्र बदलते का? आणि आणखी एक. प्रयोगशाळेतील मुलाने अँटी-सी-१-क्यू नावाची तपासणी सुचवली. मूत्रपिंडासाठी ती डीएसडीएनएपेक्षा चांगली आहे असे तो म्हणाला. करावी का?

एक फिजिशियन, महात्मानगर

चित्र पूर्ण बदलते, आणि ताई, आपण रागावला नाहीत हे फार बरे केलेत. माझ्या मते या संपूर्ण चर्चेतील सर्वांत मोलाची माहिती कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेली नाही.

आधी ही बातमी तिच्या संधिवाततज्ज्ञांपर्यंत पोहोचवा, सहा आठवड्यांची वाट न पाहता, याच आठवड्यात. औषध निम्मे झाल्यानंतर सी-३ उतरणे हा योगायोग आहे असे समजून चालणार नाही. त्यांनी ‘औषध न बदलता थांबू’ असा जो सल्ला दिला, तो ती पूर्ण मात्रा घेत आहे असे धरून दिलेला होता. तसेच ३० मिलिग्रॅम स्टेरॉइडचा सल्ला देणाऱ्यांनाही हे ठाऊक नव्हते. दोघेही अर्ध्या माहितीवर बोलत होते आणि त्यात दोघांचाही दोष नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही तिने कमी केले आहे का, हेही हळुवारपणे विचारा. डोळ्यांच्या भीतीने ते बंद करणाऱ्या बऱ्याच जणी असतात. योग्य मात्रेत आणि डोळ्यांच्या तपासणीसह ते चालू ठेवणे हा उचल टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि गर्भारपणातही ते चालू ठेवतात.

मूल हवे असणे ही लपवण्याची गोष्ट नाही. मायकोफिनोलेट गर्भाला खरोखर घातक आहे, तिला मिळालेली माहिती बरोबर आहे. पण त्यावरचा मार्ग ते गुपचूप सोडणे हा नसून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याजागी ॲझाथायोप्रिनसारखे गर्भारपणात चालणारे औषध सुरू करणे हा असतो. मायकोफिनोलेट गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी पूर्ण थांबलेले असावे लागते. त्याशिवाय नव्या औषधावर आजार स्थिर राहतो हे पाहण्यासाठी काही महिने द्यावे लागतात. सामान्यतः किमान सहा महिने मूत्रपिंड शांत असावे अशी अपेक्षा असते. सध्याच्या अहवालावर ते घड्याळ सुरू झाले आहे की नाही हे तिचे डॉक्टर ठरवतील. तोपर्यंत गर्भनिरोधनाबद्दलही त्यांच्याशी उघड बोलावे. पुढे दिवस गेलेच तर आणखी एक खाच लक्षात ठेवा : गर्भारपणात सी-३ व सी-४ स्वाभाविकपणे वाढतात, त्यामुळे तेव्हा ‘सामान्य’ दिसणारा आकडाही प्रत्यक्षात उतरलेला असू शकतो.

अँटी-सी-१-क्यूबद्दल. कॉम्प्लिमेंट साखळीच्या पहिल्या कडीविरुद्धच्या या अँटीबॉडी, विशेषतः तिसऱ्या व चौथ्या वर्गाच्या सक्रिय मूत्रपिंडदाहात, बऱ्याच रुग्णांत सापडतात आणि मूत्रपिंडाशी त्यांचे नाते डीएसडीएनएपेक्षा काहीसे जवळचे आहे असे काही अभ्यासांत दिसले आहे. इटलीत मिलान येथे २२८ रुग्णांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासातही त्या डीएसडीएनए, सी-३ व सी-४ यांच्यापेक्षा थोड्या सरस ठरल्या. थोड्याच. त्यांचा खरा उपयोग त्या नसण्यात आहे : त्या नसताना चौथ्या वर्गाचा दाह जोरात चालू असण्याची शक्यता कमी होते. पण त्या निरोगी माणसांतही अधूनमधून सापडतात, एका प्रकारच्या पित्ताच्या गांधींच्या आजारातही असतात, आणि पद्धतींचा जो घोळ वर सांगितला आहे तो इथेही आहेच. मुख्य म्हणजे बहिणीचे अँटी-सी-१-क्यूचे जुने आकडे नाहीत, त्यामुळे तुलना कशाशी करणार? डॉक्टरांनी मागितली तर करा. प्रयोगशाळेतील मुलाच्या सांगण्यावरून नको.

सिडकोतील जुनी रुग्ण

ताई, बहिणीला माझा एक निरोप द्या. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो ॲझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असताना झाला, आणि त्या नऊ महिन्यांत माझी अँटी-डीएसडीएनए एकदाही सामान्य नव्हती. माझे मूत्रपिंड त्याआधी बरीच वर्षे शांत होते, हेही तिला तितक्याच ठळकपणे सांगा. माझ्यावरून तिने स्वतःचा हिशेब मांडू नये, पण दार बंद आहे असेही समजू नये.

इंदिरानगरची ताई

निरोप वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला.

आज सकाळी डॉक्टरांशी बोलणे झाले. ते रागावले नाहीत, फक्त ‘हे मला आधी कळायला हवे होते’ एवढे म्हणाले. स्टेरॉइड वाढवलेले नाही. मायकोफिनोलेट सध्या पूर्ण मात्रेवर परत आणायचे, तीन आठवड्यांनी लघवी आणि सी-३ पाहायचे, आणि सर्व स्थिर असेल तर औषध बदलण्याबद्दल नवऱ्यालाही समोर बसवून बोलायचे असे ठरले. यापुढील प्रत्येक तपासणी गंगापूर रस्त्यावरच्या एकाच प्रयोगशाळेत होईल. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तिने सोडलेले नव्हते. तीन आठवड्यांनी आकडे आले की इथे लिहीन.